ओ, यू, जी, एच

साखळीच्या बाजारात, मिठाच्या दुकानावर एक खोली.
पंख्याला तीन पाती, त्यातलं एक वाकडं.
मंगळवारी आणि शुक्रवारी, सात ते साडेआठ,
बोटीवर जाऊ बघणाऱ्यांना
मी तिथे इंग्रजी शिकवते.

त्या दिवशी फळ्यावर चारच अक्षरं लिहिली.
म्हटलं, ही चौघं एकत्र दिसली की सावध राहा.
रफ. टफ. इनफ.
इथवर सगळे खूश. नियम सापडला म्हणून
प्रत्येकानं वहीत उतरवून खाली रेघ मारली.
मग मी लिहिलं थ्रू.
मग डो, पोदेराच्या पिठाचा गोळा.
मग बॉट.
खोडरबर या हातातून त्या हातात फिरू लागला.

मागच्या बाकावरून झिलू माजीक उठला.
वय एक्केचाळीस. सतरा वर्षं टिपर चालवला,
खाण ते जेटी, जेटी ते खाण.
आता टिपर फणसाखाली,
आणि केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
'टीचर, अक्षरां तींच मगे?'
तीच.
'मग आवाज कोण ठरवतो?'

मी म्हटलं, शेजारी.
पुढे टी येऊन बसला की जी-एच गप्प होतात,
मागे सी-ओ असेल तर खोकतात.
हे काही व्याकरण नव्हतं.
घड्याळात आठ पस्तीस झाले होते.

तो खाली बसला नाही.
'आमचंही तसंच की.
घरी झिलो. दाखल्यावर जयवंत.
जेटीवर सतरा-बत्तीस, गाडीच्या नंबरावरून,
आणि बँकेत काय म्हणतात ते इथे सांगत नाही.'
पोरं हसली. तो नाही हसला.

शुक्रवारी वही दिली.
कॉफ, त्यानं लिहिलं होतं,
रस्त्याकडेच्या सगळ्या घरांना होता.
आमच्या गाड्या जायच्या.
थॉट: मला वाटलं डोंगर संपायचा नाही.
प्लाव बापाकडे होता; शेतात लाल चिखल उतरला
तेव्हापासून माळ्यावर आहे, त्याला सुतळी गुंडाळून ठेवतो.
बॉट, टिपर, हप्ता.
शेवटी दो.
अर्थ बरोबर दिला होता: जरी.
पुढे वाक्यासाठी सोडलेली जागा
पानाच्या टोकापर्यंत कोरी.
'जरीच्या पुढे काय घालायचं ते सुचलं नाही, टीचर.'
माझं लाल पेन बराच वेळ
त्या कोऱ्या जागेवर उभं होतं.
बरोबरची खूण केली आणि वही मिटली.

परतताना बसस्टँडवर पाटी पाहिली.
इंग्रजीतल्या साखळीच्या शेवटी एक एम आहे.
तो कुणी उच्चारत नाही.
डिचोलीच्या शेवटीही आहे, आणि तिची सुरुवात तर चक्क बी-नं.
जाणारे नाकातला आवाज बरोबर घेऊन गेले,
अक्षर ठेवून गेले.
तीस वर्षं मी या पाटीखाली बसची वाट बघते,
आणि शेवटचं अक्षर आज वाचलं.

पुढच्या आठवड्यात झिलू पणजीला मुलाखतीला जाऊन आला.
नवा शर्ट, खिशावर घडीची खूण अजून तशीच.
मी विचारलं, काय काय विचारलं?
दो, थ्रू, इनफ, सगळं घोकून घेतलं होतं आम्ही,
वाळवंटीच्या पुलावर उभं राहूनसुद्धा.
'एकच शब्द विचारला. एज.
त्यात चौघांतला एकटा जी होता, टीचर,
आणि तोही
तिसऱ्याच आवाजात बोलला.'

मग तो हसला.
पहिल्यांदाच, पाठ वाकवून, बाक धरून.
हसू कुठे संपलं आणि खोकला कुठे लागला
मला कळलं नाही.
त्याला पाणी दिलं.
लाफ अजून फळ्यावर यायचा होता.